खाटेखालचे बूट

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझे फुटबॉलचे बूट सध्या माझ्या खाटेखाली आहेत. काळी प्लास्टिकची पिशवी, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या, स्टडमधली माती तशीच वाळलेली. गुरुवारी दुपारी तुझी आई घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "मावशी, त्यो म्हणतोय देवासाठी सोडलं. सोडू दे. पण घंटागाडीत टाकाय निघाला हुता. दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचं पैसं हाईत ह्यात." मग पदराने डोळे पुसले आणि चहा मात्र घेतला.

तुझा लांबलचक मेसेज मी चष्मा लावून दोनदा वाचला. उत्तर फोनवर टाइप करायला बसले तर तीन ओळींतच अंगठा दुखायला लागला, म्हणून कागद घेतलाय. चाळीस वर्षं वॉर्डात केसपेपर भरलेत, हात अजून चालतो. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. तेवढ्या निमित्ताने तिच्याशी बोलशील तरी.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे आपल्या प्रार्थना मेळाव्याच्या, शेवटच्या रात्री देवाला आयुष्य द्यायला तू उभा राहिलास. तेव्हापासून सराव बंद. इन्स्टाग्राम काढून टाकलंस, तालमीच्या, म्हणजे तुझ्या फुटबॉल टीमच्या, ग्रुपमधून बाहेर पडलास. चुलतभावाच्या साखरपुड्याला गेला नाहीस. आईला सांगितलंस, आता माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, मी देवाचा झालो. आणि एवढं करूनही पहाटे गुडघे टेकले की मन कोरडं ठणठणीत, आणि रविवारी दुपारी चार वाजले की कान आपोआप शाहू स्टेडियमकडे. "मावशी, माझी देवावर प्रीतीच नाही का?"

कान स्टेडियमकडे जातो याचं फार मनावर घेऊ नकोस. ती कोल्हापुरात जन्मल्याची खूण आहे. या गावात नाद कुणाला शिकवावा लागत नाही. कुणाला तांबड्या मातीचा, कुणाला पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवून मिरवायचा, कुणाला रोज रात्री कट्ट्यावर जाऊन दूध प्यायचा. आमच्या ह्यांना रंकाळ्याला फेरी मारायचा नाद होता, ताप असला तरी. देवाला हे माहीत नाही असं तुला वाटतं का?

कन्व्हेन्शनला जे वचन ऐकून तू हादरलास ते बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायातलं. जो माझ्याकडे येतो आणि आईबाप, बायकामुलं, भाऊबहीण, स्वतःचा जीव, यांचा द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येणार नाही. मलाही तरुणपणी हे वचन घशाखाली उतरत नव्हतं. पण हेच बोलणं मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे शब्द असे की जो माझ्यापेक्षा आईवर किंवा बापावर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. 'अधिक', 'माझ्यापेक्षा' ही तुलना आहे. आणि द्वेष हा शब्द त्या लोकांच्या बोलण्यात कसा यायचा हे बघायचं असेल तर उत्पत्तीचा एकोणतिसावा अध्याय काढ. याकोबाने आपल्या दोन बायकांपैकी राहेलीवर लेआपेक्षा अधिक प्रीती केली असं एका वचनात आहे, आणि लगेच पुढच्या वचनात लेआसाठी मूळ हिब्रूत द्वेषाचाच शब्द आहे. याकोब काही लेआला मारत-झोडत नव्हता. आपण आवडती-नावडती म्हणतो, तसं ते.

नर्सच्या भाषेत सांगते. कॅज्युअल्टीत एकाच वेळी तिघे आले, एकाचा रक्तदाब कोसळलाय, एकाचा हात मोडलाय, एकाला ताप आहे, तर मी आधी पहिल्याकडे धावणार. तापवाल्याशी माझं काही वैर नसतं. कुणाच्या हाकेला आधी ओ द्यायची, एवढाच प्रश्न असतो. संत ऑगस्टीनने सद्गुणाची व्याख्याच प्रीतीचा क्रम नीट लागणं अशी केली होती. ते एका पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला आमचा ड्यूटी चार्ट आठवला आणि मी उपासनेत हसले होते.

हा क्रम लावताना आपल्या लोकांची एक गडबड होते. आपण वाढतो वैराग्याच्या गोष्टी ऐकत. संसार खोटा, माया खोटी, सोडून दे. ते बोलणाऱ्या थोरांबद्दल मला आदर आहे, पण आपलं शास्त्र तिथून सुरू होत नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच पानावर देव आपल्या हाताने केलेलं बघतो आणि चांगलं आहे म्हणतो, एकदा नाही, अनेकदा. तुझी आई माया नाही. तुझा उजवा पायसुद्धा माया नाही. (मी मॅच बघितलीय तुझी, गेल्या वर्षी. चांगला आहे तो पाय.)

तुला दोन प्रसंग सांगते, दोन्ही माझ्याच घरातले.

ऑगस्ट 2019. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्या बोळात रात्री घोट्याएवढं होतं ते सकाळी कमरेला लागलं. बोट आली, पोरं ओरडत होती, "काकू, एकच पिशवी, चला!" मी काय घेतलं? ह्यांचं इन्सुलिन, थर्मासमध्ये बर्फ घालून. सिरिंजा. घराचे कागद. ह्यांचा चष्मा. बायबल राहिलं टीव्हीवरच्या फळीवर. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा ते फुगून पावासारखं झालं होतं, स्तोत्रसंहितेची पानं एकमेकांना चिकटलेली. पंख्याखाली ठेवून, मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून, महिनाभर मी ते वाळवलं. अजून तेच वापरते, वास गेलेला नाही. निवारा केंद्रात आपल्याच मंडळीतली एक बाई मला म्हणाली होती, "सिस्टर, तुम्ही वचन विसरलात?" तेव्हा मी गप्प बसले, पण खरं सांगू, मला त्याचं कधी शल्य वाटलं नाही. मधुमेही नवऱ्याचं औषध उचलणं हेच त्या घडीला देवाचं ऐकणं होतं.

दुसरा प्रसंग बराच आधीचा आहे, आणि तो मी फार कुणाला सांगितलेला नाही.

आमचा मुलगा दुबईला नवीनच गेला होता. रोज रात्री नऊला त्याचा फोन यायचा. त्या फोनवर माझा दिवस चालायचा. भाजी चिरताना, चर्चमध्ये, रेशनच्या रांगेत, डोक्यात एकच, नऊ वाजता काय काय सांगायचं. आणि दर बुधवारी आमच्या घरी प्रार्थनासभा असायची, आठ ते नऊ. ती मी हळूहळू पावणेनऊला संपवायला लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटचं गीत चारऐवजी दोन कडव्यांचं, झालं.

एका बुधवारी सगळ्या बायका चपला घालून गेल्या तरी एकजण दाराशी उभीच. नवीन होती, दुसऱ्यांदाच आलेली, मागच्या बोळात खोली घेऊन राहायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. पदर जरा सरकला तेव्हा दंडावर, कोपराच्या वर, मला चार बोटांचे निळे वळ दिसले. बाळा, मी नर्स आहे. पडल्याचा वळ कसा असतो आणि पकडल्याचा कसा, हे मला सांगावं लागत नाही. माझ्या हातात बायबल होतं, अजून उघडंच. आणि मी घड्याळाकडे बघितलं. नऊला सात मिनिटं कमी.

मी म्हणाले, "उद्या ये गं, निवांत बोलू."

तिने मान हलवली आणि गेली. नऊला फोन आला. मुलाने दहा-बारा मिनिटं बिर्याणीबद्दल सांगितलं, कुठल्या हॉटेलात कशी मिळते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले तर खोलीला कुलूप. घरमालक म्हणाला, गेली दोघं, कुठे ते माहीत नाही. पुन्हा ती मला दिसली नाही. भाजी मंडईत तशा चणीची बाई दिसली की अजून मी वळून बघते.

पुरात बायबल राहिलं तेव्हा मी देवाला सोडलं नव्हतं. त्या बुधवारी बायबल हातात असताना सोडलं. मुलावर माझा जीव होता यात वाईट काही नव्हतं, फोनही वाईट नव्हता. रोज त्याला बसायला जागा होतीच. पण त्या रात्री प्रभूने दाराशी उभं राहून माझ्याकडे दहा मिनिटं मागितली, आणि शेवटचा शब्द फोनचा ठरला. आपल्या घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो, यावरून मी तेव्हापासून माझी प्रीती तपासते. मन किती भरून येतं यावरून नाही.

त्यानंतर मी मुलाला सांगितलं, बुधवारी फोन करू नकोस. मला वाटलं, पोरगं दुखावेल. तो म्हणाला, "बरं झालं आई, बुधवारी रूमवरच्या पोरांची क्रिकेट असते, मी तुझ्या फोनसाठी मधूनच उठून यायचो." म्हणजे माझी मिठी त्यालाही जाचत होती आणि बिचारा बोलत नव्हता.

आता तुझ्याकडे येते. फुटबॉलमध्ये शेवटचा शब्द कुणाचा होता, ते तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस, मी लिहिते. मागच्या मोसमात मॅच हरल्यावर पेठेतल्या पोरांबरोबर दुसऱ्या तालमीच्या दारात गेलेल्यांत तू होतास. हातात काय होतं ते तुला माहीत आहे. त्या संध्याकाळी "वैऱ्यावर प्रीती करा" हे तुला पाठ होतं, रविवारच्या शब्बाथ शाळेत मीच पाठ करून घेतलं होतं. पण शब्द तालमीचा चालला. आणि गेले आठ-नऊ महिने तू उपासनेला नव्हतास, कारण रविवारी सकाळी सराव. कोचला तू एकदा तरी म्हणालास का, की रविवारी सकाळी मला जमणार नाही, बाकी सहा दिवस पहाटे पाचला येतो? नाही म्हणालास. तो काय म्हणेल, पोरं काय म्हणतील, टीममधून काढतील, या भीतीने. आणि आता ते एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून अख्खा खेळच सोडून बसलास. माझं चुकत असेल तर सांग, पण मला तरी हे त्यागापेक्षा पळ काढण्यासारखं दिसतं. बूट घंटागाडीत टाकायला धाडस लागत नाही. कोचच्या डोळ्यांत बघून 'रविवारी नाही' म्हणायला लागतं.

आईला जे बोललास त्याचा मला जास्त राग आला आहे, तोही ऐक. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू परूश्यांवर, म्हणजे नियमशास्त्राला कडक धरून चालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांवर, कशासाठी चिडलाय वाच. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण झालं, असं एकदा म्हटलं की आईबापांसाठी काही करायला नको, अशी त्यांनी सोय करून ठेवली होती. देवाचं नाव पुढे करून आईचा हात झटकायची सोय. प्रभूने तिला मान्यता दिली नाही, देवाचं वचन तुम्ही रद्द करता असं सरळ तोंडावर सुनावलं. हाच प्रभू, आई त्याला न्यायला आली तेव्हा उठून गेला नव्हता, माझी आई कोण असं गर्दीसमोर विचारलं होतं त्याने. आणि हाच प्रभू वधस्तंभावर, श्वास घेता येत नसताना, आईला शिष्याच्या हवाली करतो. पित्याच्या कामाआड आई आली तर आईचा शब्द शेवटचा नाही. पण पित्याच्या नावावर आईला वाऱ्यावर सोडणंही नाही. तुझी आई तुझ्या कुठल्या कामाच्या आड आली होती? तिने तर फक्त साखरपुड्याला चल म्हटलं होतं.

आपण भजनं गातो त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण तुम्हा पोरांना कुणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बायकोला, लक्ष्मीबाईंना, न सांगता. पुढची काही वर्षं त्या माउलीने कशी काढली ते तिनेच नंतर लिहून ठेवलंय, आणि तेही असं की वाचताना हसू येतं आणि मग पुस्तक मिटून बसावं लागतं. 1900 मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला, आपल्या पायांनी चालत येऊन. टिळकांनी प्रभूला वरची जागा दिली, मला मान्य आहे. पण बायकोला सांगायला हवं होतं. हे मी पाळकसाहेबांसमोरही बोलते, ते फक्त खोकतात.

आणि हो, कधी कधी खरंच तोडावं लागतं, हे मी नाकारत नाही. मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले 1852 मध्ये. त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये तुझा बाप्तिस्मा झाला. माझ्या पणजोबांनी पुढे काही वर्षांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने जेवणखाण तोडलं, आणि सख्ख्या आईने दार लावून घेतलं. ते दर दिवाळीला बंद दाराबाहेर धान्याचं पोतं ठेवून यायचे, असं आमच्या घरात सांगतात. तिसऱ्या वर्षी पोतं आत घेतलं गेलं. दार काही उघडलं नाही. लूकचा चौदावा अध्याय त्यांनी असा जगला. प्रभूला सोडलं नाही, आणि पोतंही चुकवलं नाही. तुला मला एवढी किंमत कुणी मागितलेली नाही. आपल्या वाट्याला नऊचा फोन आणि रविवारचा सराव येतो, आणि तेवढ्यातच आपण घसरतो.

कोरडेपणाबद्दल फार लिहीत नाही. मिरजेला वॉनलेससाहेबांच्या हॉस्पिटलात शिकत असताना नाइट ड्यूटीला आम्हाला एक म्हातारे पेशंट होते, अर्धांगाचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे तीनला त्यांना वळवताना माझ्या मनात प्रीतीबिती काही नसायची, झोप असायची आणि पाय दुखत असायचे. पण सहा आठवड्यांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. तू पहाटे गुडघे टेकत राहा. मन भरून येईल त्या दिवशी येईल.

झोपायच्या आधी योहानाचा एकविसावा अध्याय वाच, पण सावकाश. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी, भाकरी. जाळ्यात 153 मोठे मासे आलेत, कुणीतरी मोजलेत बघ, कोळ्याचाच स्वभाव. न्याहारी झाल्यावर प्रभू पेत्राला, मूळच्या कोळी असलेल्या आपल्या शिष्याला, विचारतो, तू ह्यांच्यापेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय? 'ह्यांच्यापेक्षा' म्हणजे कुणापेक्षा, यावर जाणकारांची वेगवेगळी मतं आहेत. या बाकीच्या शिष्यांपेक्षा जास्त, असं काही म्हणतात. मला मात्र नेहमी वाटतं की प्रभूने हात त्या जाळ्याकडे, होडीकडे, त्या 153 माशांकडे केला असणार. पेत्राचा सगळा नाद तिथे वाळूत पडला होता. आणि तीनदा विचारून झाल्यावर, तीनदा 'आपल्याला ठाऊक आहे' म्हणून झाल्यावर, प्रभू त्याला काय सांगतो? डोळे मिटून बस असं नाही. माझी मेंढरे पाळ. प्रीती माझ्यावर कर आणि सांभाळ ह्यांना. मागितलेली प्रीती लगेच दुसऱ्यांच्या हवाली करतो तो. तुझा कळप कुठला, तो तुझ्या घरातूनच मोजायला लाग.

चुलतभावाला फोन कर, मेसेज नको. लग्नाला जा आणि पंगतीत वाढ. दुसऱ्या तालमीच्या त्या पोराच्या कपाळाला टाके पडले होते म्हणे. त्याचं घर तुला माहीत आहे. तिथे एकट्याने जाववत नसेल तर मी येते बरोबर, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून कुणी अंगावर येणार नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर आईला घेऊन जेवायला ये. पांढरा रस्सा करते, खोबरं खवून ठेवायला तू जरा लवकर आलास तर बरं, माझा खांदा हल्ली उचलत नाही. बूट न्यायचे की ठेवायचे ते मी सांगणार नाही. पण न्यायचे असतील तर आधी कोचशी बोलून ये. आणि काहीतरी एक लवकर ठरव. झाडताना ते रोज मध्ये येतात.

तुझी,
मावशी